पहिली प्रेमकादंबरी लिहून झाली. आता प्रकाशक कसा शोधायचा?

‘ताई, माझी कादंबरी लिहून तयार आहे. प्रेमकथा आहे. कुठे देऊ?’

वाशीच्या साहित्य मंदिरात किंवा ठाण्यात एखादा कार्यक्रम संपला, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, की कुणीतरी जवळ येऊन हे विचारतंच. पिशवीत स्पायरल केलेलं बाड असतं. विचारणारी घणसोलीत राहून बँकेत नोकरी करणारी असते, नाहीतर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोजचा दीड तास मोबाइलवर प्रकरणं लिहिण्यात घालवणारा एखादा मुलगा. त्या पाच मिनिटांत धड काहीच सांगून होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. माझ्या दोन कादंबऱ्या छापून आल्या. पहिलीच्या वेळी सांगणारं कुणी नव्हतं आणि ते मला महागात पडलं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. लेखकाच्या वतीने प्रकाशक गाठून देणारे एजंट मराठीत जवळजवळ नाहीतच. प्रकाशक तुम्हालाच शोधायचा, बोलणी तुम्हालाच करायची, करारही तुम्हालाच वाचायचा. पण यात एक सोयही आहे. मराठीतल्या बहुतेक प्रकाशनसंस्थांत साधा फोन केला तरी कुणीतरी नीट बोलतं, आणि पुष्कळदा ते बोलणारे स्वतः संपादक किंवा मालकच असतात.

आधी वाचनालयात जा

प्रकाशकांची यादी इंटरनेटवर शोधण्याआधी दोन-तीन शनिवार वाचनालयात घालवा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. स्टेशनवरून चालत जाता येतं. तिथे किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही जुन्या वाचनालयात कादंबऱ्यांच्या कपाटापाशी उभे राहा आणि एकेका पुस्तकाचं मागचं कव्हर उघडून बघा. अजून बऱ्याच ठिकाणी आतल्या बाजूला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. काही चिठ्ठ्यांवर वर्षभरात दोनच शिक्के असतात. काहींवर जागाच उरलेली नसते, जुन्या चिठ्ठीवर दुसरी चिकटवलेली असते, निळ्या शाईचे शिक्के एकमेकांवर चढलेले असतात. तुम्हाला हवी ती ही दुसरी पुस्तकं.

त्यातल्या गेल्या दहा वर्षांत आलेल्या प्रेमकथा बाजूला काढा. सुरुवातीच्या श्रेयपानावर प्रकाशकाचं नाव, पहिल्या आवृत्तीची तारीख, पानं आणि किंमत असते. ते वहीत उतरवा. लेखकाचं ते पहिलं पुस्तक आहे का, हे मलपृष्ठावरच्या परिचयातून कळतं. अशा दहा-बारा पुस्तकांची नोंद झाली की चार-पाच नावं पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. तुमची खरी यादी तीच. नावाजलेली संस्था म्हणून जिचं नाव तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, ती या यादीत नसेलही.

काउंटरवरच्या माणसाशीही बोला. मी एकदा विचारलं होतं, ‘काका, प्रेमकथा मागायला कोण येतं?’ ते म्हणाले, ‘सगळ्या वयाचे येतात. लेखकाचं नाव कुणी घेत नाही. शेवटी दोघं एकत्र येतात अशी द्या, म्हणतात.’ हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि दुसऱ्या कादंबरीच्या वेळी मला त्याचा फार उपयोग झाला.

वाचनालयावर एवढा भर देण्यामागे कारण आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत आणि मराठी कादंबरीचा मोठा खप तिथेच होतो. प्रकाशक तुमचं बाड हातात घेतो तेव्हा त्याच्या मनात हा हिशेब चालू असतो. तो तुमच्याही मनात असला तर बोलणं सोपं जातं.

बाड नीट करा

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि मोबाइलवर नीट दिसेल असा, टाइप केलेला हवा. आतली मांडणी कधी कधी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये होते, पण ते रूपांतर त्यांचं काम. तुम्ही वर्डची फाइल द्या, नुसती पीडीएफ नको. छापील प्रत मागितली तर ए-फोर कागद, एका बाजूला मजकूर, ओळींमध्ये दीडपट अंतर, प्रत्येक पानाला क्रमांक. एकुलती एक प्रत कुणालाही देऊ नका.

शुद्धलेखन संपादक बघतील, असं म्हणून सोडून देऊ नका. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ मध्ये ४ वाढले. एकूण १८ नियम, दोन संध्याकाळी वाचून होतात. पहिल्याच पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या दहा चुका दिसल्या की वाचणाऱ्याचा उत्साह मावळतो. जमत असेल तर मुद्रितशोधन करणाऱ्या जाणकाराकडून निदान पहिली तीन प्रकरणं तपासून घ्या आणि त्यांचे पैसे द्या. या कामाला आपल्याकडे फार कमी मोल दिलं जातं, आणि ते बरोबर नाही.

शब्दसंख्या मोजून ठेवा. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण २७० शब्द बसतात आणि पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांत छापलं जातं. म्हणजे ६० हजार शब्दांची कादंबरी सुमारे २२४ पानांची, १४ फॉर्मची होते. पहिल्या पुस्तकासाठी ही बेताची जाडी. दीड लाख शब्द असतील तर किंमत वाढते, आणि अनोळखी नावावर प्रकाशक तेवढी जोखीम सहसा घेत नाही.

प्रेमकादंबरीत हमखास अडचणीच्या ठरणाऱ्या तीन गोष्टी वेगळ्या सांगते.

पहिली, गाणी. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला चित्रपटगीताच्या ओळी देण्याचा मोह होतो. त्या ओळींवर कुणाचा तरी हक्क असतो. कवी-गीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, टिकतो, त्यामुळे परवानगी लागते. ती मिळवणं कटकटीचं आहे. गाण्याचा नुसता उल्लेख करा, ‘रेडिओवर तिचं आवडतं गाणं लागलं’ एवढं पुरे.

दुसरी, खरी माणसं. कॉलेजातलं स्वतःचं प्रकरण लिहिलं असेल तर नाव बदलून भागत नाही. गाव, नोकरी, घरातली माणसं, ओळख पटेल असं सगळं बदला. ज्याला कल्पना नाही अशा माणसाचं खाजगी आयुष्य पुस्तकात येणं त्याच्यासाठी खरोखर त्रासाचं असतं.

तिसरी, शरीराच्या जवळिकीचे प्रसंग. अश्लील ठरेल या भीतीने चांगले लेखक कथेच्या ऐन जागी पडदा टाकून मोकळे होतात. चंद्रकांत काकोडकर यांच्या १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा कथेला गरज असेल तर लिहा. पण कुठल्या प्रकाशकाला किती चालतं ते त्याच्या आधीच्या पुस्तकांतून बघून घ्या. कौटुंबिक वाचकांसाठी पुस्तकं काढणाऱ्याकडे तसं बाड पाठवून दोघांचाही वेळ जातो.

पत्र आणि सारांश

संपादक सगळ्यात आधी वाचतात ते पत्र. ते एका पानाचंच असावं. ‘लहानपणापासून लेखनाची आवड’ हे वाक्य अजिबात नको. कथेत कोण आहेत, त्यांना काय हवंय आणि आड काय येतंय, हे चार ओळींत आलं पाहिजे. उदाहरण म्हणून एक रचून दाखवते:

‘सप्रेम नमस्कार. माझी पहिली कादंबरी आपल्या विचारार्थ पाठवू इच्छिते. सुमारे ५८ हजार शब्द. घणसोलीतल्या आगरी घरातला मुलगा, जमिनीच्या मोबदल्यात सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या प्लॉटवरून त्याच्या घरात भावाभावांत भांडण पेटलेलं. कोपरखैरण्यातल्या माथाडी कामगाराची मुलगी, ऐरोलीत आयटी कंपनीत रात्रपाळी करणारी. दोघं रोज पहाटेच्या एकाच लोकलने उलट दिशांनी घरी येणाऱ्या गाड्यांची वाट बघत तुर्भ्याच्या फलाटावर भेटतात. प्लॉट विकला तर त्याला शहर सोडावं लागेल, आणि विकू नये म्हणून तिच्याच वडिलांनी त्याच्या काकांकडून पैसे घेतले आहेत, हे तिला कळतं. आपण प्रकाशित केलेल्या कादंबऱ्यांत नवी मुंबईचं आजचं जगणं आलेलं मी वाचलं, म्हणून आपल्याकडे पाठवावंसं वाटलं. सारांश आणि पहिली तीन प्रकरणं सोबत जोडली आहेत.’

यात जागा, माणसं आणि अडसर आहे. ‘दोन जिवांच्या निखळ प्रेमाची हृदयस्पर्शी कहाणी’ असं लिहिलं असतं तर काहीच कळलं नसतं. तरी वरचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा मला एक दोष दिसला, तो मुद्दाम तसाच ठेवलाय: ‘एकाच लोकलने उलट दिशांनी येणाऱ्या गाड्यांची वाट’ हे वाक्य घोटाळ्याचं आहे. पत्र दोन दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचलं की असं सापडतं. ते ‘रोज पहाटे तुर्भ्याच्या फलाटावर, आपापल्या गाडीची वाट बघताना दोघं भेटतात’ असं करायचं.

सारांश दोन पानांचा, आणि त्यात शेवट सांगायचाच. ‘पुढे काय होते ते कादंबरीतच वाचा’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. संपादकाला शेवट आधी कळायला हवा, त्यावरच तो ठरवणार असतो.

पाठवायचं कुणाला, कधी

पुण्यात राजहंस, मेहता, रोहन, मुंबईत मौज, पॉप्युलर, ग्रंथाली, ठाण्यातच व्यास क्रिएशन्स, परममित्र, अशी नावं तुम्ही ऐकली असतील. यांतलं कुणी तुमच्या प्रेमकथेसाठी योग्य आहे का, ते वाचनालयातली तुमची वहीच सांगेल. निवडल्यावर आधी फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: सध्या नव्या लेखकाची कादंबरी बघता का, आणि ईमेलने पाठवू की छापील प्रत देऊ. ‘नाही’ म्हणाले तर आभार मानून पुढच्या नावाकडे वळा.

जानेवारी-फेब्रुवारीत साहित्य संमेलन आणि पुस्तक प्रदर्शनांची धावपळ असते, तेव्हा बाड पाठवून लवकर उत्तराची अपेक्षा धरू नका. पाठवल्यावर तीन महिने थांबा, मग एक नम्र आठवण करा. सहा महिन्यांत काहीच कळलं नाही तर दुसरीकडे देत असल्याचं कळवा आणि द्या. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाठवलं असेल तर पत्रात तसं लिहा. लपवलं आणि दोघांचा होकार आला, तर एकाला तोंड दाखवणं कठीण होतं.

या थांबण्याच्या काळात दिवाळी अंकांकडे बघा. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा अजून नव्या लेखकाचं सगळ्यात मोठं दार आहे. एप्रिल ते जुलैच्या दरम्यान अंकांची साहित्य मागवण्याची निवेदनं येतात. तुमच्या कादंबरीशी संबंध नसलेली एक स्वतंत्र प्रेमकथा द्या. ती छापून आली की पुढच्या पत्रात लिहायला ठोस काहीतरी हाती येतं, आणि प्रकाशक दिवाळी अंक वाचतातच. कोमसापच्या, म्हणजे कोकण मराठी साहित्य परिषदेच्या ठाणे-नवी मुंबईतल्या शाखांच्या बैठकांना, नौपाड्यातल्या अत्रे कट्ट्यावर जात राहा. ओळखीने पुस्तक छापलं जात नाही, पण कोण व्यवहाराला चोख आहे हे अशाच ठिकाणी कानावर येतं.

पैसे मागितले तर

हा भाग जरा सावकाश वाचा.

माझं पहिलं बाड दोन ठिकाणांहून परत आलं, तेव्हा एका प्रकाशकाने फोनवर खूप कौतुक केलं. तिसऱ्या फोनला ६० हजार रुपयांचा विषय निघाला. ५०० प्रती छापू, दुकानांत ठेवू, प्रकाशन समारंभ करू. मी कर्ज काढल्यासारखे पैसे जमवून दिले. चार महिन्यांनी कळव्याच्या आमच्या घरी टेम्पो आला आणि ३०० प्रती खोक्यांतून आमच्या जिन्यात उतरवल्या गेल्या. उरलेल्या २०० कुठे आहेत, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. दुकानात एकही दिसली नाही. कागदावर वितरणाबद्दल एक ओळही नव्हती. मी विचारलीच नव्हती. आईने त्या खोक्यांवर चादर घालून त्यांची बसायची जागा केली होती. घरी कुणी आलं की मी त्यावर बसणं टाळायचे.

पैसे घेणारा प्रत्येक प्रकाशक फसवाच असतो असं नाही. मराठीत प्रती कमी खपतात, कागद महाग आहे, आणि काही चांगल्या संस्थाही लेखकाला काही प्रती आगाऊ विकत घ्यायला सांगतात. तसं असेल तर स्पष्ट विचारा: एकूण किती प्रती छापणार, त्यातल्या किती माझ्याकडे, उरलेल्या कोणत्या वितरकाकडे, मला किती टक्के सवलतीने प्रती मिळणार, आणि विकल्या गेलेल्या प्रतींचा हिशेब कधी? लेखी उत्तर देणाऱ्याशी बोलणं चालू ठेवा. जो म्हणतो ‘ताई, विश्वास ठेवा ना,’ त्याला नाही म्हणा.

पैसे देण्याआधी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक प्रकाशित झालेलं नाही अशा लेखकांसाठीच ती आहे. कादंबरीही त्यात बसते. बाड जाणकारांकडून तपासलं जातं आणि निवड झाली तर पुस्तक छापायला अनुदान मिळतं. अर्ज मागवल्याची जाहिरात वर्तमानपत्रांत आणि मंडळाच्या संकेतस्थळावर येते, ती चुकवू नका. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. या दोन्ही संधी पहिल्या पुस्तकालाच असतात. घाईघाईत स्वखर्चाने काढलेलं पुस्तकही पहिलंच धरलं जातं. माझ्या त्या ३०० प्रतींनी ते दार माझ्यासाठी बंद केलं, आणि पैशापेक्षा मला याचंच जास्त वाईट वाटतं.

करार

होकार आला की आनंदात सही करू नका. कागद घरी आणा, दोन रात्री वाचा.

बघायचं पहिलं वाक्य हक्कांचं. बऱ्याच छापील करारांत असं असतं: ‘सदर कादंबरीचे सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकास दिले आहेत.’ यावर पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला लिहून परत पाठवा: ‘मराठी भाषेतील छापील पुस्तकाचे हक्क पहिल्या आवृत्तीच्या तारखेपासून पाच वर्षांसाठी. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट व मालिका यांचे हक्क लेखकाकडे.’ प्रेमकथेच्या बाबतीत मालिकेचा आणि ऑडिओचा हक्क खरोखर कामाचा ठरू शकतो, तो असाच देऊन टाकू नका. माझ्या दुसऱ्या प्रकाशकांनी हा बदल पहिल्याच फोनवर मान्य केला. ‘कुणी विचारत नाही म्हणून तसंच छापून येतं,’ असं ते म्हणाले.

१९५७ चा प्रताधिकार कायदा लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे. मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर हक्क घेऊन एक वर्षात ते वापरलेच नाहीत तर ते परत लेखकाकडे येतात. बाड घेऊन तीन-तीन वर्षं ठेवून घेणाऱ्यांना हे कलम नम्रपणे दाखवता येतं. प्रताधिकार लिहिताक्षणी तुमचाच होतो, नोंदणी सक्तीची नाही. मनाच्या समाधानासाठी करायची असेल तर साहित्यकृतीसाठी सरकारी फी ५०० रुपये आहे.

दुसरी गोष्ट मानधनाची. साधारण १० टक्के म्हणतात, पण कशावर ते बघा. ३०० रुपये किमतीच्या पुस्तकाच्या ५०० प्रती विकल्या गेल्या तर छापील किमतीवर १० टक्के म्हणजे १५ हजार. ‘प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर’ असं लिहिलं असेल आणि विक्रेत्यांना ४० टक्के सवलत दिली असेल तर तेच ९ हजार होतात. दोन्ही रिवाज आहेत. कुठल्याही एकाला हो म्हणा, पण कशाला हो म्हणताय ते कळून.

लेखकाला मोफत मिळणाऱ्या प्रती किती आणि आवृत्ती संपल्यावर पुढची काढायची मुदत किती, हेही करारात हवं.

ॲप आणि ई-बुक

प्रतिलिपी ॲपवर किंवा ॲमेझॉनच्या किंडलवर कादंबरी टाकावी का, असं हल्ली सगळेच विचारतात. टाका, पण छापील पुस्तक हवं असेल तर पूर्ण कादंबरी नको. आधी सगळीकडे फुकट वाचायला मिळालेली गोष्ट छापायला बरेच प्रकाशक तयार होत नाहीत. आधीची एखादी छोटी प्रेमकथा क्रमशः टाका, वाचक किती येतात बघा. आकडा चांगला असेल तर पत्रात लिहा. किंडलच्या सिलेक्ट योजनेत नाव घातलंत तर ९० दिवस तो डिजिटल मजकूर दुसरीकडे देता येत नाही, हे त्या बटणावर बोट ठेवण्याआधी लक्षात असू द्या.

छपाईला गेल्यावर

प्रुफं, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी पानं, स्वतः वाचा, एकदा शेवटापासून सुरुवातीकडे पानं उलटत. त्यामुळे गोष्टीत वाहवत न जाता चुका दिसतात. नायिकेचं नाव प्रत्येक पानावर सारखं आहे ना, हेही बघा. दुसऱ्या प्रुफात माझ्या नायिकेची ‘वैशाली’ एका प्रकरणात ‘विशाखा’ झाली होती.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि तो घेणं प्रकाशकाचं काम असतं.

पुस्तक हातात आल्यावर पहिल्या दोन प्रती त्या वाचनालयाला द्या, जिथे तुम्ही चिठ्ठ्या वाचत उभे होतात. हिशेबासाठी करारात ३१ मार्च ही तारीख घालून घेतली असेल तर एप्रिल गेल्यावर एक फोन करा. किती प्रती गेल्या, किती शिल्लक, आणि शिल्लक कुठे आहेत, तिन्ही आकडे लिहून घ्या.